मी हेतलची केस

बडोदे, मंगळवार

खालच्या मजल्यावरची हेतल सोशल वर्क शिकते. आज येऊन म्हणाली, "बा, तुम्ही माझी केस व्हाल? उद्या मॅडमना नाव द्यायचंय, नाहीतर मार्क जातील."
म्हटलं, "अगं, माझे केस पिकले, आता कसली केस?"
हसली नाही. कागद काढला. "पण बा, प्रॉब्लेम तर जोईए ने!"
प्रॉब्लेम कुठून आणू? थट्टेत म्हटलं, "लिही, हे गेल्यापासून भांडायला कोणी नाही."
तिनं खरंच लिहिलं! आता दर मंगळवारी येणार म्हणे, प्रॉब्लेम सुटेपर्यंत. सुटला की केस बंद.
थट्टाच केली ना मी? की...
असो. हेतलशी भांडायचं मात्र नाही. भांडले, तर प्रॉब्लेम सुटायचा.