मार्थाचे केस

गुरुवार पेठ, पुणे
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय यमूस, प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावी अशी ही गोष्ट नाही, म्हणून लिहितो.

रविवारी मी मार्थाला मारलं. लग्नाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. उपासनेला निघायचं होतं. तिने तिसऱ्यांदा नेसलेली साडी सोडली आणि हा परका माणूस खोलीत कसा, म्हणून मला ओरबाडलं. तिचा आजार तुला ठाऊक आहे. आता मलाही ती ओळखत नाही. माझा हात उठला. गालावर वळ दिसत होते. तिला शेजारच्या चंपाबाईंकडे बसवलं आणि देवळात जाऊन उपदेश केला. पाळकसाहेब बाहेरगावी, म्हणून पाळी माझी. विषय होता शत्रूवर प्रीती. कुठे अडखळलोसुद्धा नाही, त्याचीच शिसारी येते.

घरी येऊन तिची क्षमा मागितली. तिने विचारलं, "कशाबद्दल?"

तिला आठवतच नाही, यमू. मग मला क्षमा करायची कोणी? गुडघे टेकतो आणि तसाच उठतो.

तुझा दादा,
हिंमत

संगमनेर
१८ ऑगस्ट

ती. दादास, सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस रागच आला, म्हणून उत्तराला उशीर.

कोंबडी कापायची वेळ आली की तू मागीलदारी पळायचास आणि आबा तुला संत म्हणायचे. ते तुला खरं वाटलं. मला कधीच नाही. माझी पाटी तूच माझ्या पाठीत घालून फोडलीस. आपल्याला मारता येतं, हे आधी कबूल कर. तसं कबूल केलेला माणूस आजारी बाईजवळ एकटा राहत नाही. तू मात्र क्षमा शोधत बसला आहेस, आणि वहिनी अजून तुझ्याच हाती आहे.

मंडळीत सांग. दिवसा एखादी बाई ठेव. माझ्या डोळ्याची पट्टी २८ तारखेला निघते; मग मी येते. क्षमा करायला नाही, वहिनीला आंघोळ घालायला.

रागावली तरी तुझीच,
यमू

गुरुवार पेठ, पुणे
२५ ऑगस्ट

प्रिय यमूस, सलाम.

काल उपासनेनंतर उभा राहून सगळं सांगितलं. कोणी मान खाली घातली नाही. रंगराव म्हणाले, या वयात एवढं करता हेच खूप. मंडळीतली एक बहीण म्हणाली, आजारी माणसाला कधीतरी लावावीच लागते. पाळकसाहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि चहा मागवला. मला शिक्षा हवी होती असं नाही. पण ती कोणाची तरी मुलगी आहे, असं एकाने म्हणायला हवं होतं. ज्या मंडळीला मी तीस वर्षं अहिंसा शिकवली, ती ही.

आज सकाळी तिचे केस विंचरायला हात वर केला. तिने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, काही नाही. फणी खाली ठेवली तेव्हा हात काढले. पुन्हा उचलली, पुन्हा झाकलं.

चंपाबाईंना बोलावलं. त्यांच्यापुढे ती मुकाट बसली, हसलीसुद्धा. आता रोज त्याच येतील. तेवढा वेळ मी दाराबाहेर उभा राहीन, तिला दिसणार नाही असा.

पट्टी निघाली की निघ. लोभ असू दे असं लिहायचा धीर होत नाही. तिच्यावर असू दे.

हिंमत