शीळ घातली की ती येते

डुलुथ
गुरुवार, ६ मार्च

प्रिय ब्रिटा,

मंगळवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि जे सांगायचं आहे ते दोन ओळींच्या निरोपात मावणारं नाही, म्हणून लिहिते. मंगळवारी सकाळी पावणेनऊला घरच्या फोनवर एका बाईंचा फोन आला. पोस्टरवर आपण छापला तो हाच नंबर. बाईंचं नाव आर्लिस निक्विस्ट. त्यांचे भाऊ हार्लन, वय एकाहत्तर, रविवारी दुपारी पेनीला शोधत सरोवराच्या बर्फावर गेले. कडेचा बर्फ खचला आणि ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. मासे धरायला बसलेल्या दोघांनी त्यांना ओढून काढलं. डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली, निमोनिया झाला आहे. कोटाच्या आतल्या खिशात आपलं पोस्टर होतं, चार घड्या घालून ठेवलेलं. त्यावरून बाईंनी फोन लावला. पण हे सगळं सांगायच्या आधी त्यांनी माझी माफी मागितली. "हार्लनला तुमची पेनी सापडली नाही हो. फार मनाला लागलंय त्याच्या."

त्या क्षणी मला म्हणता आलं असतं, की बाई, पेनी नावाची कुत्रीच नाही. आम्ही ती कागदावर तयार केली. मी म्हणाले, "थँक्यू, तुम्ही कळवलंत." फोन ठेवला. मग तुला फोन केला. तू मिनिआपोलिसच्या वाटेवर होतीस. कुत्र्यांचं खाद्य करणाऱ्या त्या कंपनीच्या भेटीआधी असलं काही ऐकायचं नाही म्हणालीस आणि ठेवून दिलास. त्यानंतर उचलला नाहीस.

हे सगळं कुठून सुरू झालं ते मी दोन दिवस आठवते आहे. ऑगस्टमध्ये तू माझ्या टेबलाशी बसून मक्याचं कणीस खात म्हणालीस, की हरवलेली कुत्री शोधायचं तुझं ॲप, टेलबेरी, तयार आहे, उत्तम चालतं आहे, आणि कुणालाच माहीत नाही. हाताशी महिन्याला तीनशे डॉलर. ऑनलाइन जाहिरातीत त्यातले निम्मे चार दिवसांत गेले आणि नवी माणसं आली एकवीस. त्यातल्या सहांकडे मांजर होतं, एकाकडे कासव. आपण हसलो होतो. शनिवारच्या बाजारात आपण टेबल मांडलं, जनावरांच्या डॉक्टरांकडे खाऊच्या पुड्या ठेवल्या, प्रत्येक पुडीला तू हाताने दोरी बांधलीस. लोकांनी खाऊ घेतला. अडचण पैशाची नव्हतीच म्हणा. कुत्रं हरवल्याशिवाय असलं ॲप कुणी घेत नाही, आणि शेजाऱ्यांनी ते आधी घेतलेलं नसेल तर हरवल्यावर त्याचा उपयोग नाही. हे तू मला सांगितलंस तेव्हा मला मनातून बरं वाटलं, कारण आमचं वर्तमानपत्र बंद पडल्यापासून कुणी मला असा प्रश्न विचारला नव्हता. एकतीस वर्षं मी लोकांच्या छोट्या जाहिराती लिहिल्या. बोट विकणे आहे, खोली देणे आहे, कुत्रा हरवला आहे. तू चेष्टेने म्हणायचीस, आई, तुझ्या जाहिरातींत लोक मासे गुंडाळायचे. खरं आहे. पण गुंडाळण्याआधी वाचायचे.

मग जानेवारीत तू म्हणालीस, की कुणाचं कुत्रं हरवायची वाट कशाला बघायची, आपणच एक हरवू. नमुन्याचं पोस्टर करू, खाली चौकोनी कोड, त्यावर फोन धरला की टेलबेरी. फोटो म्हणून तू आपल्या जुन्या कुत्रीचा, लेफ्साचा दिलास, आपण ब्रेनर्डला राहत होतो तेव्हाचा, अंगणात कान उभे करून बसलेली. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं. मजकूर मी लिहिला. आधी नुसतं रंग, उंची, गळ्यात लाल पट्टा असं होतं. ते मेलेलं वाटत होतं. मग मी एक वाक्य घातलं. "अनोळखी माणसाला घाबरते, पण हळू शीळ घातली की येते." तू वाचलंस आणि म्हणालीस, "आई, मलाच आता बाहेर जावंसं वाटतंय." ते वाक्य जमलं होतं, ब्रिटा. मला ते जमल्याचं कळलं होतं. चांगली जाहिरात वाचणाऱ्याच्या हाताला काम देते, हे मी नव्या मुलींना शिकवत असे. मी वाचणाऱ्याच्या ओठांना काम दिलं.

छापण्याआधी तपासायला आलेल्या पहिल्या प्रूफवर तळाशी बारीक अक्षरांत "नमुना" असा शब्द होता. दुसऱ्या प्रूफवर तो नव्हता. याबद्दल आपण कधी बोललो नाही. तुला वाटत असेल मी पाहिलं नाही. तू सात वर्षांची असताना मी एका फर्निचरवाल्याचं अख्खं पान थांबवलं होतं, कारण बातमीसारख्या दिसणाऱ्या त्याच्या मजकुरावर "जाहिरात" हा शब्द नव्हता. तो फोनवर ओरडत होता आणि तू माझ्या खुर्चीखाली बसून ऐकत होतीस. अशी बाई एक शब्द गेलेला पाहणार नाही? मी पाहिला. पेन उचललं, नेहमीसारखं कोपऱ्यात "ठीक" लिहिलं, खाली माझी आद्याक्षरं, सी. एच., आणि तारीख. फेब्रुवारीत आपण दोघींनी मिळून एकशे चाळीस पोस्टरं लावली. अकरा दिवसांत अठराशे माणसं आली. तू माझ्या स्वयंपाकघरात नाचलीस, आणि मीही कॉफी सांडेपर्यंत हसले.

हार्लन निक्विस्ट त्या अठराशेंत नाहीत. त्यांच्याकडे तसला फोनच नाही. शहरातल्या बसवर ते सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते, एकटे राहतात. आपल्या आकड्यांत जो माणूस कुठेच नाही तो नऊ दिवस, रोज दुपारी, खिशात सॉसेजचे तुकडे घेऊन किनाऱ्याने शीळ घालत चालत होता. रविवारी त्यांना बर्फावर काहीतरी तपकिरी दिसलं. त्यांनी शीळ घातली. ते हललं नाही. त्यांना वाटलं, घाबरली असेल. म्हणून जवळ गेले.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, मंगळवारी संध्याकाळी, हॉस्पिटलात. मी नूडल आणि ट्यूना माशाचं हॉटडिश ओव्हनमध्ये भाजून नेलं होतं, त्या निळ्या काठाच्या भांड्यात. रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि हातात काही असलं की तोंड बंद ठेवायला सोपं जातं. आर्लिसबाईंनी भांडं घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्यावर एवढा प्रसंग, आणि तुम्ही आमच्यासाठी रांधत बसलात." हार्लन यांचा आवाज अगदी खोल गेला आहे. त्यांनी मला विचारलं, रात्री ती कुठे झोपायची. मी सांगितलं, स्टोव्हपाशी. ते खरं होतं, लेफ्सा तिथेच झोपायची. एका खऱ्या वाक्याच्या आडून किती खोटं बोलता येतं ते मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. मी निघताना ते म्हणाले, बरा झालो की पुन्हा बघतो, दक्षिणेकडची बाजू राहिली आहे.

काल तुझा निरोप आला. मी तो इतक्या वेळा वाचला की पाठ झाला आहे. सांगून टाक, पेनी सापडली, त्यांनाही बरं वाटेल. शुक्रवारी सकाळी आठला तू "पेनी घरी आली" असं टेलबेरीवरून सगळ्यांना पाठवणार आहेस, फोटोसकट, ते आधीच लिहून ठेवलं आहेस. कंपनीला असा एक पुनर्भेटीचा किस्सा हवाच होता. सोमवारी त्यांच्याशी करारावर सही. ब्रिटा, हे तू दुष्टपणाने लिहिलेलं नाहीस हे मला ठाऊक आहे. तीन वर्षं तू या कामात घातलीस, नोकरी सोडलीस, आणि आता दार उघडतंय. खरं बोललो तर ते बंद होईल, हेही मी जाणून आहे. तुझ्या निरोपातलं वाक्य वाईट नाही. मला भीती वाटली ती त्याचीच. ते माझ्यासारखं लिहिलेलं होतं.

आज सकाळी दहा वाजता मी हॉस्पिटलात गेले. खुर्ची घेतली नाही, उभ्यानेच सांगितलं. पेनी नाही. कधीच नव्हती. एका ॲपच्या जाहिरातीसाठी ते पोस्टर होतं, मजकूर माझा, शिळेचं वाक्य माझं, आणि "नमुना" हा शब्द गेलेला पाहून छापायला हो म्हणणारी सही माझी. प्रूफ त्यांच्या पांघरुणावर ठेवलं. आर्लिसबाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. हार्लन यांनी प्रूफ पाहिलं. मग विचारलं, "मग या फोटोतली कोण?"

मी म्हणाले, लेफ्सा. आमची. चौदा वर्षांची होऊन गेली, ब्रेनर्डच्या माझ्या स्वयंपाकघरात, स्टोव्हपाशी, माझा हात तिच्या मानेवर होता.

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "चला. म्हणजे ती बर्फावर नव्हती."

मी आयुष्यात बरीच बोलणी खाल्ली आहेत, कुठलंच बोलणं असं लागलं नव्हतं. त्यांनी मला माफ केलं असं समजू नकोस. तसं काही ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही. मी निघाले तेव्हा आर्लिसबाई माझ्या मागून बाहेर आल्या, त्यांच्या गाडीतून माझं भांडं काढून आणलं आणि माझ्या हातात दिलं. ते जड होतं. या गावात मी किती घरी भांडी नेली असतील, ती धुतलेली परत आली, कुकी घालून परत आली, कधी कधी आलीच नाहीत. जशीच्या तशी भरलेली कुणी दिली नव्हती. "तुमच्याकडचं नको," एवढंच म्हणाल्या, तेही हळू आवाजात.

दुपारपासून मी आपली पोस्टरं काढते आहे. एकोणनव्वद निघाली, पूल ओलांडून पलीकडची राहिली आहेत. हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवेन, कारण तू आज संध्याकाळी परत येणार आणि उद्या सकाळी आठला ते पेनीचं जाईल. ते थांबवायला मी तुला सांगत नाहीये. कधी थांबवायचं ते तुला लहानपणापासून माहीत आहे, त्या खुर्चीखाली बसून तू ऐकलं होतंस. मी लिहिते आहे ते वेगळ्याच कारणाने. हॉस्पिटलात मी तुझं नाव घेतलं नाही. आर्लिसबाईंनी विचारलं, हे ॲप कुणाचं. मी म्हणाले, तो माणूस स्वतः येऊन सांगेल. मी तुझ्यासाठी खोटं बोलले नाही आणि तुझं खरंही बोलले नाही. तेवढी जागा मी तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. खोली ३१२, भेटायची वेळ दहापासून. जाताना रिकाम्या हाताने जा.

तुझीच,
आई

कुणाला काय दिलं, ६ मार्च:
आर्लिस निक्विस्ट यांना, दुसरं प्रूफ, माझ्या सहीचं.
हार्लन निक्विस्ट यांना, लेफ्साचा मूळ फोटो, त्यांनी मागितला म्हणून.
तुला, या पत्रासोबत, पहिलं प्रूफ, "नमुना" हा शब्द असलेलं, आणि उरलेल्या एक्कावन्न पोस्टरांच्या जागांची यादी.
मला परत मिळालं, निळ्या काठाचं भांडं, झाकणासकट, भरलेलं.