सामाईक फ्लॉपीतल्या आठ सॉर्ट

४ मार्च २००१, रविवार
आजपासून पियुष वेगळा. आर्वीत आम्हा दोघा भावायचं एकच दुकान होतं, जिनिंगवाल्यायले अन् पतसंस्थेले कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून द्यायचं. आता त्याचं बस स्टँडजवळ दुसरं. अण्णाजी मामा वाटणीले बसले. मशिनी वाटल्या, गिऱ्हाइकं वाटली. कोड कसा वाटावा, हे मामाले समजेना. मीच तोडगा काढला. वावर वाटलं तरी विहीर सामाईक राहते, तसा दोघायले लागणारा कोड एका फ्लॉपीत ठेवायचा. मी मोठा म्हणून फ्लॉपी माझ्याकडे. पियुषनं दर रविवारी येऊन नवीन कॉपी न्यायची. नाव लायब्ररी.
मले दुःख वगैरे काही नाई. वाटण्या घरोघरी होतात.

६ मार्च
रक्षा म्हणे, दोन फ्लॉप्या करा, त्याची त्याले देऊन टाका, दर रविवारी त्याले कायले पायपीट. बायकोले टेक्निकल गोष्टी समजत नाई.

११ मार्च, रविवार
पियुष आला. विषय एकच, लायब्ररीत सॉर्ट, म्हंजे यादी क्रमानं लावून देणाऱ्या, कोणत्या ठेवायच्या. माझ्या सात आहेत. नावानं यादी लावणारी वेगळी, गावानं वेगळी, कापसाच्या वजनानं वेगळी, वगैरे. तो म्हणे सात कायले पाह्यजेत, एकच चांगली ठेव, कशानं लावायचं ते तिले सांगायचं, झालं. त्यातली जुनी, हळू चालणारी बबल सॉर्ट तर काढूनच टाक म्हणे, कास्तकारायची यादी लागेपर्यंत चहा थंडा होते. मी समजावलं, चहा प्यायले वेळ भेटते म्हणूनच गिऱ्हाईक टिकते. हसला.
निर्णय झाला नाई. बरं झालं, अशा गोष्टीत घाई करू नये. जेवून गेला.

१८ मार्च, रविवार
निर्णय नाई. वांग्याची भाजी दोनदा घेतली त्यानं.

२० मार्च, सकाळ
संकल्प. पियुषच्या दुकानापुढून जायचं नाई. त्याले वाटेल मी लक्ष ठेवून राह्यलो.

२० मार्च, संध्याकाळ
गेलतो. पोस्टात काम होतं. पोस्ट तिकडे नाई, पण पाय मोकळे होतात.

२५ मार्च, रविवार
आला नाई. उद्या पाडवा, गडबडीत असेल. मी आठवी सॉर्ट लिहिली, पिनकोडनं. आपल्या यादीतली सगळी गावं रोहण्याच्याच पोस्टातली, पिनकोड एकच. पण पुढचा विचार कोणीतरी कराले पाह्यजे.

१ एप्रिल, रविवार
जिंकलो. पियुष उभ्या उभ्या आला अन् म्हणे, ठेव दादा, आठही ठेव, बबल पण. शेवटी लॉजिकपुढे कोणाचं चालत नाई. रक्षा म्हणे, इतक्या लवकर काऊन मानला, इचारलं का? नाई इचारलं. जिंकल्यावर इचारत नसतात.
जेवाले थांबला नाई. पोट बरं नसेल.

५ एप्रिल
अण्णाजी मामा दुकानात आलते. पियुषले हैदराबादच्या कंपनीत नोकरी लागली. रविवारी चालला. मामाले सांगतलं, मले नाई. मामाले म्हणे, दादाले कसं सांगू, तूच सांग.
ठीक आहे. हैदराबाद काही लांब नाई. लायब्ररी ईमेलनं पाठवता येते.

८ एप्रिल, रविवार
स्टँडवर गेलतो, फ्लॉपी घेऊन. तो म्हणे दादा, तिथं जावा नावाच्या नव्या भाषेत काम आहे, सॉर्ट त्यात आयतीच येते, कोणी लिहीत नाई. मग माझ्या तोंडाकडे पाहून फ्लॉपी घेतली. शर्टाच्या खिशात ठेवली. वाकून पाया पडला. मी म्हटलं, फ्लॉपीले ऊन लागू देऊ नको.
तेवढंच सुचलं मले.

१५ एप्रिल, रविवार
ईमेल नाई. नवीन माणसाले काम फार देतात.

२२ एप्रिल, रविवार
दुकानातून मीच फोन लावला. तब्येत इचारली, जेवणाचं इचारलं. मग कामाचं काढलं. म्हटलं, सॉर्टचं झालं, आता सर्चचे, म्हंजे यादीत नाव हुडकायचे, रुटिन कोणकोणते ठेवायचे, तुझं मत सांग, भांडायचं असेल तर भांड. तो म्हणे दादा, तूच ठरवजो आता.
हाओ म्हटलं. फोन ठेवला अन् रडू फुटलं, चांगलं मोठ्यानं. एक गिऱ्हाईक बसून होतं, ते बिचारं उठून बाहेर उभं राह्यलं. भाऊ पाह्यजे होता मले, बाकी काही नाई.
सर्च एकच ठेवली.