नानांची कवळी

३ मार्च, मंगळवार

आंघोळ घालताना चिमणीनं विचारलं, "आई, अंधारात माझे फक्त दातच दिसतात ना?"

हसत विचारलं. हसत!

नानांचा विनोद आहे हा. माझ्या सासऱ्यांचा. लग्न झाल्यापासून ऐकतेय. दिवे गेले की यायचाच — "सूनबाई, जरा हस, म्हणजे कुठे आहेस ते कळेल!" सगळे हसतात. मीही हसत आले. ह्या घरात काळी मी एकटीच होते, तोवर निभत होतं. आता चिमणी आहे. रंगानं माझ्यावर गेलेली.

५ मार्च, गुरुवार

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "नानांचं वय बघ ना. मनात काही नसतं गं त्यांच्या."

नसतंच. म्हणून तर राग कुठे ठेवावा ते कळत नाही. मी ह्या शहरात आले तेव्हा ह्याच्याशिवाय ओळखीचं कुणी नव्हतं. नानांनी मला रिकाम्या मैदानावर गाडी शिकवली. जन्मभर बस चालवलेला माणूस! मी ब्रेक दाबला की ओरडायचे, "पडले बघ, मागचे सगळे प्रवासी पडले!" चिमणीच्या वेळी रोज डबा घेऊन दवाखान्यात यायचे. माझ्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचे. आणि तिथल्याच नर्सला एकदा म्हणाले, "त्यांच्यातली असली तरी फार नीटनेटकी आहे हो आमची सून."

असली तरी!

८ मार्च, रविवार

नानांची कवळी बेसिनमध्ये पडून फुटली. फोनवर नुसतं फूफू. निम्मं कळलं नाही. एवढं कळलं — नवी कवळी मी काम करते त्या दातांच्या लॅबमध्येच करायची. "घरचं माणूस अफताना बाहेर कफाला?"

घरचं माणूस. हे दोन शब्द मनात धरून झोपायला चाललेय.

१२ मार्च, गुरुवार

आज बोलून टाकलं.

लॅबला लागूनच डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. त्यांनी नानांच्या तोंडात मापाचा ट्रे बसवला. त्यातला मापाचा लगदा घट्ट होईपर्यंत तो कुणीतरी धरून ठेवावा लागतो. तेवढ्यात बाईंना फोन आला. "तू धर गं जरा," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच. माझी बोटं नानांच्या तोंडात. ते बोलू शकत नाहीत. आणि मी ट्रे सोडून पळू शकत नाही!

म्हटलं, "नाना, चिमणी आता तुमचा दातांचा विनोद स्वतःवर करते." भुवया वर गेल्या. "मी हसत आले, कारण तुम्ही मला जीव लावलात. तुम्हाला कसं तोडून बोलायचं? पण तो विनोद मला दर वेळी लागला. एकदाही लागला नाही असं झालं नाही. तिला लागू द्यायचा नाहीये मला." त्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. मी म्हटलं, "बोलू नका, माप बिघडेल."

डॉक्टरीणबाई आल्या. ट्रे निघाला. नानांनी चूळ भरली, तोंड पुसलं, टोपी घातली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

१५ मार्च, रविवार

नाना जेवायला आले नाहीत. रविवार चुकवत नाहीत कधी. ह्यानं फोन केला — "दात नाहीत, काय येऊ?"

सूप केलं होतं मी मुद्दाम.

२० मार्च, शुक्रवार

कवळी तयार. खालची बाजू तीनदा घासली, कुठे टोचू नये म्हणून. दात अगदी पांढरेशुभ्र नाही लावले. त्यांच्या वयाला शोभतील असे लावले, किंचित पिवळसर. नानांनी बसवून घेतली, आरशात बघितली. "छान झालीय," म्हणाले. बास. रागावलेत का अजून? का लाजलेत?

२२ मार्च, रविवार

नानांचा वाढदिवस. त्यांच्या बसवरचे जुने कंडक्टरकाका आले होते. केकवरची मेणबत्ती पेटवली, कुणीतरी दिवा मालवला आणि काका ओरडलेच — "सूनबाई, हसा आता!"

चिमणी माझ्या मांडीवर. मी तिच्या कानांवर हात ठेवणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "दिवा लावा."

दिवा लागला. नानांनी कवळी काढली आणि ताटाशेजारी रुमालावर ठेवली. गाल आत गेलेले, ओठ गोळा झालेले. "ज्याला दाफ बघायचेफ, त्यानं हे बघा. तिनं केलेफ."

"अरे, गंमत केली नाना—" काका म्हणाले.

"माझीच आहे फी गंमफ. मीच काढली होफी. आफा बंद."

चिमणी खुदकन हसली — नानांच्या त्या बोलण्याला. मग नानाही. मग सगळेच. नाना बेसिनवर जाऊन कवळी धुऊन परत बसवून आले, तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी होते. त्यांनी पाठीवर थोपटलं. "उशीर केला गं पोरी," एवढंच.

असा सासरा कुणाला मिळतो?

२६ मार्च, गुरुवार

अगदीच साधूसंत झालेले नाहीत हं! आज खालच्या भाडेकरूंबद्दल सुरू झाले, "ह्या लोकांना हळू बोलताच येत नाही." मी नुसतं बघितलं. "म्हणजे, ह्या घरातल्या लोकांना," म्हणाले. मग वैतागून, "तोंड उघडायची चोरी झालीय ह्या वयात!"

उघडतात, मग थांबतात. त्या थांबण्याचं मला फार कौतुक वाटतं. ह्या वयात नवं काही शिकणं सोपं असतं का?

३१ मार्च, मंगळवार

आईचा फोन. माझ्या आईचा, तिकडून. शेजारी नवं कुटुंब आलंय. आपल्यातलं नाही. "मुलगी गोड आहे गं, पण आपल्या भांड्यांना हात लावू देत नाही मी तिला."

मी म्हणाले, "हो का." आणि हसले. नेहमीसारखी.

फोन ठेवल्यावर मग कळलं, मी कशाला हसले ते.

परत लावलाय. वाजतोय.