तळ्यावरची पाल

३ जुलै
कॉलेजमागचं तळं बुजवून पालिका तिथे पार्किंग करणार. तळ्यावर कोणकोणते जीव आहेत याचा अहवाल महिनाअखेर द्या, दखल घेण्यासारखं काही निघालं तर तळं राहील, असं कळवलंय. आमच्या विभागातला दुर्बीण (गळ्यात कायम तीच, म्हणून हे नाव) लगेच म्हणतो, माझी इतक्या वर्षांची मोजणी तयार आहे. डोक्यात तिडीक गेली. घडीच्या खुर्चीत शेंगदाणे खात बोटांवर बदकं मोजायची, याला शास्त्र म्हणायचं? प्रिन्सिपलबाईंना स्पष्ट सांगितलं, एक तर त्याचे शेंगदाणे, नाहीतर माझं मशीन. बाई म्हणाल्या, बरं बाबा, तुमचं मशीन.

६ जुलै
मशीन आलं. सतत आवाज ऐकतं, आवाजावरून प्राणी ओळखतं. माणसाची लुडबुड शून्य. तळ्याकाठच्या झाडाला बांधलं. नीट चालतंय ना, म्हणून सारखा जाऊन बघतोय.

११ जुलै, दुपार
पाण्यात कागदी कप. लोकांना लाज नाही. मशीनशेजारी उभ्या उभ्या संताप संताप झाला. तिकडून दुर्बीण खुणावतोय, हळू, पाणकोंबडीची पिल्लं आहेत. हा मला शिकवणार. उद्यापासून दिवसभर मशीनपाशीच थांबायचं. देखरेख हवीच.

१९ जुलै
पहिला निकाल. पाल. पुन्हा पाल. एक बेडूक. मग पालच पाल. तीही घरातली, भिंतीवरची. कंपनीला फोन केला. तिथली पोरगी म्हणते, आवाज अगदी क्लिअर आहे सर, पाल मशीनला चिकटूनच बसत असणार. असेल. मशीनला कुणाशी वैर नसतं.

२० जुलै
बायकोने रेकॉर्डिंग ऐकलं आणि हसत सुटली. म्हणते, अहो, ही पाल नाही, हे तुम्ही. मनासारखं झालं नाही की असंच च्च-च्च करता, लग्न झाल्यापासून ऐकतेय. मी सुनावलं, पाल चुकचुकते, मी हळहळतो. शास्त्रात फरक असतो. ती म्हणाली, मग तो मशीनला समजवा. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

२९ जुलै
दुर्बीण केबिनमध्ये आला. माझी मोजणी निदान मागे तरी जोडा, म्हणाला. तिथे पिल्लं आहेत हो, म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. मीही चढवला. डोळ्यांनी पाहिलेलं हल्ली कोण मानतं? अहवाल मशीनने दिला तसाच पाठवला. आता माघार घेतली तर हा डोक्यावर बसेल.

९ ऑगस्ट
पालिकेच्या इंजिनिअरचा फोन. पाली काय, पार्किंगच्या भिंतीवरही राहतील, म्हणाला. वर हसला. अडाण्यांच्या हाती कारभार. कडक निषेध लिहायला घेतलाय. पुढच्या वेळी दोन मशीन लावणार.

१६ ऑगस्ट
डंपर आले. निषेध अजून पहिल्या परिच्छेदातच. दोष कुणाचा? पालिकेचा, कंपनीचा, आणि दुर्बिणीचा. त्याने जरा जोर लावून बोलायला हवं होतं.

२२ ऑगस्ट
मशीन आणायला गेलो. झाड नव्हतं. मशीन खडीवर पडलेलं. दुर्बीण तिथेच उभा, गळा रिकामा. मीच म्हणालो, पिल्लं उडून गेली असतील. तो म्हणाला, अजून पंख फुटले नव्हते.
घरी आलो. बायकोला म्हटलं, सकाळपासून काहीतरी चुकचुकल्यासारखं वाटतंय.
ती हसली नाही.