एका दिवसाच्या पावसाचे तास

मिरजोळे, रत्नागिरी

प्रिय दादा,

फोनवर घराचा विषय निघाला की तुझी ड्युटी सुरू होते, म्हणून हे पत्र. आपल्या वाडीतला सुजय आज लोट्याला, तुझ्या कारखान्याकडे परत येतोय, त्याच्या हाती देतेय. वाच, मग चिड. मी दमलेय, भांडायचं त्राण उरलेलं नाही.

दिवसभर संगणकापुढे बसून काय करतेस, असं तू चेष्टेने विचारतोस. आपल्या गावच्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी एकदाच मोजतात. किती पडला ते कळतं, केव्हा कोसळला ते नाही. शहरातलं यंत्र मात्र मिनिटामिनिटांची नोंद ठेवतं. त्या नोंदी दाखवून मी एका न्यूरल नेटवर्कला शिकवते, की दिवसाचा आकडा दिला तर त्याचे तास पाडून दे. सुरुवातीला ते आईसारखं वाढायचं, सगळ्यांच्या पानात सारखंच. पण डोंगराचं तसं नसतं. पाऊस दिवसभर रिपरिपला तर वाहून जातो; तेवढाच तासाभरात ओतला तर माती सुटते.

गेल्या आठवड्यात मी आपल्या गावचे आकडे घातले. परसामागच्या दरडीला चीर पडली त्या दिवसाचा जवळजवळ सगळा पाऊस पहाटेच्या एका तासात निघाला. असे दिवस यंदा आणखीही आहेत. अंदाजच आहे, चुकूही शकतो. साहेब छान म्हणाले आणि अहवालात घेतलं. मला त्या दिवशी डबा खाववला नाही.

पावसापुरतं तरी घर सोडू या असं आईला सांगितलं, तर म्हणाली, आपला गणपती मूळ घरातच बसतो, आणि हलवायचा तर थोरल्याच्या शब्दावर. तू रात्रपाळ्या करून बांधलेली पडवी माझ्याही डोळ्यांसमोरून जात नाही, दादा. बाबांच्या मागे ते घर तूच उभं ठेवलंस. तुझा राग मला कळतो.

काल मी गाडी घेऊन गेले आणि आईला इथे खोलीवर आणलं. गुपचूप आली, मला वाटलं पटलं. पण साडीत गुंडाळून तिने गणपतीचा पाट बरोबर आणलाय आणि कालपासून तो मांडीवर घेऊन बसलीय. खाली ठेव म्हटलं की म्हणते, माझ्या थोरल्याला, स्वरूपला सांगू दे, नाहीतर मी परत जाते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तिला फोन कर आणि एवढंच सांग, आई, पाट तिथेच मांड.

तुझीच,
ज्ञानू