मोठ्या अक्षरांचा फोन

४ मार्च

ती. ताईस,
सा.न.

यापुढे फोन नाही, निरोप नाही; फक्त पत्र. तुझा फोन मी दुकानात उघडून तपासला. तू कुठे जातेस, कुणाशी बोलतेस, सगळं भावोजींना दिसतं. दवाखान्याचं सांगून तू माझ्याकडे आलीस हे त्यांना तसंच कळलं, आणि त्यांनी तुझा गळा दाबला. पुढच्या वेळी सोडणार नाही म्हणाले, ते खरं धर.

फोन उशीखाली तसाच ठेव आणि नीघ. धुलाईच्या दुकानावरची खोली मी घेतली आहे, तिथेच कामही आहे. दाराला नवी कडी बसवली. मला फोन दुरुस्त करता येतात, माणसं नाही.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

चि. धाकट्या मास्तरणीस,
अ.उ.आ.

तुझी कडी इतकी घट्ट, की उघडताना मीच घामाघूम होते. खालच्या यंत्रांनी फरशी थरथरते. पण इथे थरथरते ती फरशीच, मी नाही. गाढ झोपते.

रागावू नकोस, आईला पत्ता कळवला. काल येऊन गेली. गळ्यावरचे वळ पाहिले, केस विंचरून दिले. कंगवा मुद्दाम विसरून गेली. तू बजावलंस म्हणून तिने इथून कुणालाच फोन लावला नाही. बिचारीने दिवसभर तो पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. तोच, यांनी वाढदिवसाला दिलेला, मोठ्या अक्षरांचा. जावयाचं तेवढं एक चांगलं, अजून म्हणते.

उत्तर लवकर टाक. टोमणे चालतील.

ताई

२ एप्रिल

ती. आईस,
सा.न.वि.वि.

समोर बसून सांगवत नाही, म्हणून लिहिते.

ताईचं पत्र वाचलं तशी उठून धावले. पोचले तेव्हा जिन्यात माणसं जमली होती. कडी शाबूत होती. कामावरून वर येताना त्याने तिला दाराबाहेरच गाठलं.

त्याला पत्ता कुणी दिला, विचारतेस. उद्या पोलीस सांगतीलच, त्याआधी माझ्याकडून ऐक. तुझ्या फोनने दिला. त्याने तो त्यासाठीच दिला होता. ताईचा फोन मी कसून तपासला. तुझा हातातही घेतला नाही.

पण आई, पिशवीतून तू फोन नेलास, सुरा त्याने नेला. या दोन गोष्टी एक नाहीत. मी उगाच धीर द्यायला काही बोलत नाही, हे तुला माहीत आहे.

कंगवा आणला आहे. त्यात तिचे केस आहेत, धुऊ नकोस.

दोघींवरचा लोभ आता एकटीला पेलायचा आहे. कमी करू नकोस.

धाकटी